गुलाबी पानावरची बकरी

सिगालों, मार्सेय
९ जानेवारी

बास्तियां,

बकरी नव्हती.

त्या गुलाबी पानावर बकरीबिकरी काही नव्हतं. मी तुला खोटं वाचून दाखवलं. आठ महिने झाले, तुझा फोन लागत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. आता तुला कागद पाठवणं म्हणजे काय ते मला कळतं लेका. कुणीतरी तिसरा माणूस तुझ्यापुढे बसून हे वाचणार आणि आपलं सगळं त्याच्या तोंडातून तुझ्या कानात जाणार. माझा इलाज नाही.

तर वाचणारे काका, किंवा ताई, जे कोण असाल ते, आधी तुम्हाला सांगतो. जे लिहिलंय तेच वाचा. गाळू नका, गोड करू नका. अक्षर घाण आहे, शाळेनं मला सोळाव्या वर्षीच हात जोडले होते. तुम्हाला धागा लागावा म्हणून थोडं सांगतो, बास्तियां तोवर सिगारेट ओढेल.

मी नासुफ. आम्ही दोघं मार्सेयच्या सिगालों वस्तीत, एकाच जिन्यातले. हा चौथ्या मजल्यावर त्याच्या मामेकडे, म्हणजे आजीकडे. मी सहाव्या. माझे आईबाप कोमोर बेटांवरचे, मी काळा. हा गोरा, उन्हात शिजलेल्या खेकड्यासारखा होतो. पहिलीपासून माझ्या शेजारी बसायचा. मी त्याला वाचून दाखवायचो, फळ्यावरचं, बसवरचं, औषधाच्या डबीवरचं, पोरींचे मेसेज. तो माझ्या वाटच्या मारामाऱ्या करायचा. बावीस वर्षांचे झालो तरी याला वाचता येत नाही हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मामेला पण नाही.

मागच्या एप्रिलात वस्तीत पिक्चरवाले आले. दोन दोस्तांची कॉमेडी, एक काळा एक गोरा, दोघं मिळून हॉटेल काढतात. हिरो पॅरिसचे. लाइट लावायला दोन-दोन तास लागतात, तोवर हिरो गाडीत कॉफी पितात आणि त्यांच्या जागी डमी उभे करतात. उंची तीच लागते आणि कातडीचा रंग पण तोच लागतो. कॅमेरावाल्यानं माझ्या गालाला एक राखाडी कार्ड लावलं, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "चालेल. विल्फ्रिडपेक्षा अर्धा कप दूध कमी." असा मी काळ्या हिरोचा, विल्फ्रिडचा, डमी झालो. बास्तियां गोऱ्याचा. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा. माझी लाल, याची निळी.

आता परत तुझ्याशी बोलतो.

सहा आठवडे उभे होतो ना आपण त्या पट्ट्यांवर. तू म्हणायचास, "हसू नको, लाइटवाला म्हणतो तुझे दात चमकतात." मी म्हणायचो, "तू लाजू नको, तुझा रंग बदलला की सगळे दिवे परत हलवायला लागतात." पिक्चरमधली दोस्ती आधी आपण करायचो. उजेड बसला की ते दोघं यायचे, आपल्या पट्ट्यांवर उभे राहायचे आणि तीच दोस्ती परत करायचे, जरा वाईट.

गोष्ट बदलली की नवं पान रंगीत कागदावर यायचं. आधी निळं आलं, मग पिवळं. त्या दिवशी गुलाबी आलं. तंबूत कॉफी घेत होतो, तू पान माझ्यापुढे सरकवलंस. "वाच, आज काय आहे."

मी वाचलं. मनात वाचलं. मग तुला म्हटलं, "चर्चमधला सीन आहे. मैत चालू आहे आणि मध्येच बकरी घुसते."

"बकरी? चर्चमध्ये?"

"हो. शवपेटीवरची फुलं खाते."

"आणि पाद्री?"

"पाद्री तिला प्रसाद देतो."

तू कॉफी नाकातून काढलीस. दिवसभर त्या चर्चमध्ये निळ्या पट्टीवर उभा राहून तू दरवाज्याकडे बघत होतास. सामानवाल्याला विचारलंस, "बकरी कुठाय?" तो म्हणाला, "कसली बकरी?" तर तू मला डोळा मारलास, म्हणालास, "सगळ्यांना सांगितलेलं नाही वाटतं. सरप्राइज आहे."

मग हिरो आले आणि तालीम झाली. विल्फ्रिड शवपेटीजवळ उभा राहिला, हातात कागद, कागद उलटा. मेलेल्याच्या बायकोनं तो सुलटा केला, यानं परत उलटा केला. असं तीनदा. मग तो गायलाच लागला. पन्नास माणसं हसली.

तू हसला नाहीस. आधी दरवाज्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मग पट्टीवरून उतरलास. लाइटवाला ओरडला, "ए निळ्या, जागेवर." तू थांबला नाहीस. तीन दिवसांनी मामे म्हणाली, बास्तियां लोरियांला गेला, त्याच्या मामाच्या मासेमारीच्या बोटीवर.

डायरेक्टरला, अर्नोला, आपली ती गोष्ट कशी कळली म्हणशील. आवाज तपासायला आपल्याला माइक लावायचे, आठवतं? त्यातून ऐकली असणार. त्याला मी काय करू.

पत्ता मामेनं दिला. तुला बिस्किटांचं पार्सल पाठवायचं होतं, तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पत्ता मलाच लिहायला लावला. बिस्किटं कडक होती का? मी दोन खाल्ली.

नासुफ


२४ जानेवारी

बास्तियां,

उत्तर नाही आलं. येणार नव्हतंच. उत्तर लिहायलाही तुला त्या काकांना नाहीतर ताईंना बसवावं लागेल, आणि मला द्यायच्या शिव्या तू परक्याकडून लिहवून घेणार नाहीस, तुला ओळखतो मी.

माइकचं खोटं होतं.

अर्धं खरं होतं. माइकमधून अर्नोनं आपली बडबड ऐकली होती आणि त्याला ती आवडली होती. म्हणून तर त्यानं मला जेवायला त्यांच्या टेबलावर बोलावलं. फक्त मला. तुला म्हटलं तेव्हा तू म्हणालास, "जा की. येताना चीज आण. ते चांगलं वालं."

मी रोज चीज आणलं. रोज काय चाललंय ते नाही सांगितलं. मी त्यांना हसवत होतो. लिफ्टमधली नोटीस सांगितली, ती मी ऑफिसच्या नावानं चिकटवली होती ना, की वजनाच्या काट्यात बिघाड झाल्यामुळे लिफ्ट फक्त गाणाऱ्यांना वर नेईल. क्रिकोरकाका दोन दिवस आर्मेनियन भजनं म्हणत पाचव्या मजल्यावर जात होते, ते सांगितलं. अर्नो टेबलावर हात आपटून हसायचा. शेजारच्याला म्हणायचा, "हा पोरगा म्हणजे खजिना आहे." मला कुणी खजिना म्हटलं नव्हतं यार. आमची मा मला काय म्हणते तुला माहीत आहे.

नवव्या दिवशी माझ्याकडचं सगळं संपलं. अर्नो म्हणाला, "आज गप्प का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. काटे हातात तसेच. मग मी पापेच्या मैताची गोष्ट सांगितली.

सगळी सांगितली. तुझे आजोबा गेले, मामे म्हणाली चर्चमध्ये नातवानंच वाचायचं, तू घाबरून गच्चीवर जाऊन बसलास. मग तू बोललास आणि मी लिहून घेतलं, आणि तीन दिवस गच्चीवर तुझ्याकडून पाठ करून घेतलं. "पापेनं मला पोहायला शिकवलं. बुडू नकोस असं तो म्हणाला नाही. बुडालास तर मी आहे म्हणाला." चर्चमध्ये तू कागद धरलास आणि एक शब्द न चुकता सगळं म्हणालास. गोदीतले म्हातारे कामगार ढसाढसा रडत होते. आणि मी पहिल्या रांगेत बसून बघत होतो, कागद उलटा.

तेव्हा मला हसू नव्हतं आलं. पण टेबलावर मी ते हसू येईल असं सांगितलं. मला तसं सांगता येतं, हाच माझा रोग आहे. रडणाऱ्या म्हाताऱ्यांची नक्कल पण केली.

सगळे हसले. विल्फ्रिड नाही हसला. तो म्हणाला, "मग पुढे? शिकला का तो?" मी म्हटलं, "कशाला शिकेल, मी आहे ना." अर्नो तोवर कागदी रुमालावर लिहायला लागला होता. म्हणाला, "विल्फ्रिड, हे तुझ्या तोंडी मस्त बसेल."

मी म्हटलं, "पण तो गोरा आहे."

अर्नो म्हणाला, "गोऱ्याला वाचता येत नाही, हे लोकांना पटणार नाही नासुफ. वाटेल आम्ही मुद्दाम केलंय."

टेबलावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मी पण हलवली. विल्फ्रिड सॅलडमध्ये बघून म्हणाला, "वाटलंच मला." आणि खायला लागला.

तुला एक सांगतो, यावर हवं तर थुंक. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, काळ्याच्या अंगावर घातलं म्हणजे बास्तियां सुटला, आता कुणाच्या बापाला कळणार नाही. एवढी हुशारी केली आणि तू त्या निळ्या पट्टीवर उभा असणार हे मी विसरलो. गुलाबी पान हातात आल्यावर आठवलं. मग बकरी काढली.

पिक्चर तयार झालंय. पाच फेब्रुवारीला आपल्या वस्तीच्या थिएटरात खास खेळ आहे, सगळ्यांच्या आधी आपल्याला. मामे पण येणार म्हणते. मी तिला म्हटलं पिक्चर वाईट आहे. म्हणाली, "तू आहेस ना त्यात?" मी म्हटलं, मी नाही मामे, माझ्यावर पडलेला उजेड आहे. ती म्हणाली, "मग तोच बघते."

नासुफ


८ फेब्रुवारी

बास्तियां,

हे पत्र लेस्ताकच्या धक्क्यावर बसून लिहितोय. इथे मला कुणी ओळखत नाही. घरी लिहिता येत नाही आता. का ते सांगतो, पण सरळ सांगू दे, नाहीतर मी मध्ये गमती घालीन.

थिएटर भरलं होतं. अर्नो आला होता, विल्फ्रिड पण. गोरा हिरो शूटिंगला कुठेतरी लांब होता म्हणे. मामे तिसऱ्या रांगेत, काळा ड्रेस, छातीवर पापेनं दिलेला तो माशाचा ब्रोच. माझी बहीण एशाती एक्स शहरातून कॉलेज बुडवून आलेली, चार मैत्रिणी घेऊन. सगळ्या वकील होणार, सगळ्यांच्या भुवया आधीपासूनच वर.

पिक्चर चांगलं आहे, तुला खोटं नाही सांगत. अर्धा वेळ लोक खूप हसले. मग चर्च आलं. विल्फ्रिडनं कागद उलटा धरला आणि आपल्या वस्तीतले लोक हसले, पण कसं सांगू, घरात पाहुणे असताना बाप पडला की पोरं हसतात तसं. मागून कुणीतरी म्हणालं, "आलं. आलंच बघ."

संपल्यावर दिवे लागले. अर्नोनं माइक घेतला. आम्हाला पडद्यावर सगळा फ्रान्स दाखवायचा होता, सगळे रंग, वगैरे बोलला. प्रश्न विचारा म्हणाला. एशाती उभी राहिली.

"दोन दोस्त आहेत," ती म्हणाली, "एक हिशेब बघतो, एक भांडी घासतो. एकाला वाचता येतं, एकाला येत नाही. न येणारा आमच्यातलाच कसा निघतो दर वेळी? रंग दाखवायचे होते ना, मग एकदा अदलाबदल करून बघायची."

टाळ्या पडल्या. अर्नो लाल झाला. "मादमोझेल, हे मी मनानं नाही रचलं. खरी गोष्ट आहे. तुमच्याच वस्तीतली." आणि त्यानं माझ्याकडे बोट केलं. "नासुफनं सांगितली. विचारा त्याला."

तीनशे माना वळल्या.

एशाती म्हणाली, "नासुफ? कोण होता तो माणूस?"

मी मामेकडे बघितलं.

"आपल्यातला होता का, एवढंच सांग."

तिला संशय आला होता रे. वकील होणार आहे ती. मी 'नाही' एवढं म्हटलं असतं तरी अर्नोची तिथेच वाट लागली असती. माझी बहीण जिंकली असती, ती सगळी पोरं जिंकली असती. फक्त 'नाही, गोरा होता' एवढंच बोलायचं होतं. विल्फ्रिड स्टेजवरून माझ्याकडे बघत होता, त्याला माहीत होतं. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, कोण गोरा. आणि आपल्या जिन्यात माझे गोरे दोस्त किती आहेत रे. तिसऱ्या रांगेत मामे मान वळवून बघत होती. तिनं तो तुझा कागद फ्रेम करून पापेच्या फोटोखाली लावलाय. नातवानं वाचला तो कागद.

मी उभा राहिलो. म्हटलं, "मी."

"काय मी?"

"मला वाचता येत नाही. कागद उलटा धरणारा मीच. चर्चबिर्च यांनी घातलं."

मग मागून एकजण म्हणाला, "प्रोफेसर, जा की मग, बाहेरची पाटी वाच." हसले. अर्नोचा जीव भांड्यात पडला, त्याला चांगलं माहीत होतं मी खोटं बोलतोय, तरी म्हणाला, "बघा. खरं ते खरं." एशाती माझ्याकडे बघत राहिली. तिच्याच जुन्या वह्यांवर मी चित्रविचित्र शेरे लिहून मार खाल्लाय. ती खाली बसली.

बाहेर विल्फ्रिडनं मला कोपऱ्यात गाठलं. "तुला वाचता येतं."

"हो."

"मग का?"

"त्याची आजी होती आत."

त्यानं सिगारेट काढली, पेटवली नाही. "मी तो सीन करायला नको होता," म्हणाला.

"मी सांगायला नको होतं," मी म्हटलं. मग त्याची गाडी आली.

मामे शेवटी आली, काठी टेकत. माझा गाल थोपटला. म्हणाली, "वेड्या, इतकी वर्षं गप्प बसलास? माझ्या बास्तियांला सांगायचंस. त्यानं शिकवलं असतं तुला."

मी म्हटलं, "हो मामे. चुकलं."

नासुफ


२ मार्च

बास्तियां,

वाचता न येणाऱ्या माणसाचं आयुष्य कसं असतं, सांगतो तुला. हसू नको.

क्रिकोरकाका रोज खाली पत्रपेटीपाशी थांबतात. वीजबिल हातात घेऊन मोठ्यानं वाचतात, सावकाश, मी बहिरा असल्यासारखे. बेकरीवाली पाटीवरचं प्रत्येक नाव मला सांगते. पोरं प्रोफेसर म्हणतात. मामेला वाटतं मागचा पत्ताही मी दुसऱ्या कुणाकडून लिहवला होता, आता ती पार्सल घेऊन काकांकडे जाते. तुझ्या नावाखाली माझं अक्षर आता कधीच नसणार, लक्षात आलं का तुझ्या?

गंमत अशी की आता मी कुठलीही नोटीस चिकटवली तरी माझ्यावर संशय येत नाही. परवा एक लावली, की पाचव्या मजल्यावर कबुतरांची जनगणना आहे, पाळणाऱ्यांनी पक्षी आंघोळ घालून आणावेत. दोघं आले. सगळी वस्ती शोधतेय कुणी केलं. मी तिथेच उभा, आणि काका मला माझीच नोटीस वाचून दाखवतायत. आयुष्यातली सगळ्यात भारी खोडी आहे ही, आणि सांगायला एक माणूस नाही. वर जाऊन बिछान्यावर पडून राहिलो.

एशाती तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी मताबाची भाजी वाढता वाढता म्हणाली, "कोणासाठी?"

मी जेवत राहिलो.

"तू काय केलंस कळतंय का तुला? मी उभी राहून म्हणाले हे आमचं चित्र खोटं आहे, आणि माझाच भाऊ उठला आणि म्हणाला, खरं आहे. अर्नो आता प्रत्येक मुलाखतीत तुझं उदाहरण देतो."

"माहीत आहे."

"त्याची आजी चौथ्या मजल्यावर राहते ना?"

मी मान वर नाही केली. तिनं मला अजून एक डाव वाढला, आणि म्हणाली, "ठीक. तुला वाचता येत नाही ना? मंगळवारी वस्तीच्या केंद्रात प्रौढांचा वर्ग असतो. नाव घातलंय तुझं. सगळ्यांना सांगितलंय. जा, नाहीतर मी बोलेन."

ही शिक्षा बघ यार. मी दर मंगळवारी मादाम ओडीलच्या वर्गात बसतो. माझ्या एका बाजूला साठ वर्षांचा तुर्की गवंडी, दुसऱ्या बाजूला दोन नातवंडांची एक आजी. फळ्यावर मादाम लिहिते आणि मला वाचायचं नसतं. तुला वाटेल सोपं आहे. डोळे थांबत नाहीत रे. शब्द दिसला की वाचला जातो, मग चेहरा असा ठेवायचा की वाचलाच नाही. तासाभरात घामाघूम होतो. तू बावीस वर्षं याच्या उलटं केलंस. न वाचता वाचल्यासारखा चेहरा. आणि मला शेजारी बसून वाटायचं, काय मजेत आहे हा, सगळं फुकट वाचून मिळतं.

परवा गवंड्यानं स्वतःचं नाव लिहिलं. मादाम म्हणाली वा. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि वर्गभर दर दोन मिनिटांनी खिशाला हात लावून बघत होता.

मग मादाम माझ्याकडे वळली. "नासुफ, तू?" मी पेन मुठीत धरलं आणि वेडंवाकडं काहीतरी काढलं. ती म्हणाली, "घाई नको. येईल." असं प्रेमानं म्हणाली की मला लाज वाटली.

मी तुला कधीच शिकवायला बसलो नाही, बास्तियां. मला तसं सुचलंच नाही, असं लिहिणार होतो. पण सुचलं होतं. दहावीच्या वर्षी तू एकदा म्हणालास, "हे अक्षर कसं काढतात दाखव ना." मी म्हटलं, "कशाला, मी आहे ना." तू शिकला असतास तर माझ्या शेजारी कशाला बसला असतास.

हे मी टेबलावर कुणाला सांगितलं नाही.

नासुफ


२१ मार्च

बास्तियां,

तुझं पाकीट आलं.

नीट सांगतो कसं आलं. सकाळी अकराला. जिन्याच्या तोंडाशी क्रिकोरकाका, मामे तिच्या खुर्चीत ऊन खात, बेकरीवाली, प्रोफेसर म्हणणारी ती तीन टाळकी. पोस्टमननं सगळ्यांदेखत पाकीट माझ्या हातात दिलं. "लोरियांहून."

मामे म्हणाली, "माझ्या बास्तियांचं?"

पाकिटावरचा पत्ता कुण्या बाईच्या अक्षरात, गोल गोल, सुबक. मी ते खिशात घालणार तोच काका म्हणाले, "आण इकडे, वाचतो."

"नंतर काका."

"अरे नंतर कशाला, चष्मा आहे माझ्याकडे."

मामे म्हणाली, "वाचा हो वाचा, मला पण ऐकू दे. दहा महिने झाले, फोनवर नुसतं बरंय बरंय म्हणतो."

मी काय म्हणणार होतो? नको म्हणायला कारण लागतं, आणि मला वाचता येत नाही. त्या पाकिटात माझी तिन्ही खोटी असू शकत होती, चर्च असू शकत होतं, तू चिडून मामेबद्दल काही लिहवून घेतलं असू शकत होतं. काकांनी खिशातून चाकू काढला, पाकीट फोडलं, चष्मा लावला. पिक्चरच्या सहा आठवड्यांत मी इतका स्थिर कधी उभा राहिलो नव्हतो.

काकांनी कागद काढला. बघितला. मग उलटा करून बघितला. मग परत सुलटा केला.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"फार नाही," काका म्हणाले. "कुणा लहान पोराचं अक्षर दिसतंय. एकच शब्द आहे."

मामे म्हणाली, "मामाच्या पोरानं लिहिलं असेल. लहान आहे तो."

"कुठला शब्द काका?"

त्यांनी कागद माझ्यासमोर धरला आणि एकेक अक्षरावर बोट ठेवून दाखवलं, ओडील दाखवते तसं. "बघ पोरा. हे तुझं नाव आहे. ना-सु-फ."

मला त्याच्या आधीच दिसलं होतं रे. काकांनी पाकिटातून अर्धा बाहेर काढला तेव्हाच दिसलं होतं. मोठमोठी अक्षरं, पेन इतकं दाबलेलं की कागद दोन ठिकाणी फाटलाय, त्यातली दोन अक्षरं चुकीच्या दिशेला तोंड करून बसलेली. आणि खाली, जिथं माणूस सही करतो तिथं, निळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा. तो रोल तू ढापला होतास तर. सामानवाला माझ्यावर आळ घेत होता.

आणि मला ते सगळं दिसत असून दिसत नसल्यासारखं उभं राहायचं होतं. काका बोट फिरवत होते, मी त्यांच्या मागोमाग म्हणत होतो. ना. सु. फ. टाळकी हसत होती. मामे म्हणाली, "बघ, येतंय की तुला." मग माझा चेहरा हलला. काकांना वाटलं, पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचलं म्हणून हलला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यांचेही डोळे भरले.

कागद माझ्या खिशात आहे. दर दोन मिनिटांनी हात लावून बघतोय.

ताई, तुमचं अक्षर मला आता कळलं. तुम्ही त्याला शिकवताय ना? मादाम ओडील म्हणते तसं, घाई करू नका. पण एक मागणं आहे. तो बंदरातून परत कधी येईल, येईल की नाही, मला माहीत नाही, त्याला विचारू पण नका. एवढंच करा. हे पत्र शेवटपर्यंत वाचून दाखवू नका. इथून पुढची ओळ त्याची त्याला वाचू द्या, चार महिने लागले तरी चालतील. मी सोपी करून, मोठ्या अक्षरात लिहितो.

बास्तियां, तुझी पट्टी इथे आहे. मामेला सांगू नको. काकांना सांगू नको. कुणालाच सांगू नको, की मला वाचता येतं.